कागदाची भाषा आणि घराची भाषा: खानापूरहून ओमानला निघालेल्या तरुणास उत्तर

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर गेली सात वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. ओमानमधील सोहार येथून नोकरीचे पत्र आले आहे. घरी आई-वडील, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे. पत्नीचे माहेर महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात आहे. मी जावे का? गेलो तर किती वर्षे राहावे, कुटुंबाला न्यावे का आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

उत्तर:

मी २००६ ते २०२१ अशी पंधरा वर्षे सोहारमध्ये काढली. बंदराच्या आसपासचे कारखाने तेव्हा नुकतेच उभे राहू लागले होते. पहिली आठ वर्षे यंत्रांच्या देखभालीत गेली आणि पुढची सात वर्षे भारतातून येणाऱ्या कामगारांची निवड करणे, त्यांचे करार तपासणे आणि त्यांना तिथे स्थिरस्थावर करणे हे माझे काम होते. परत आल्यापासून खानापूर, निपाणी, बेळगाव आणि चंदगड या भागांतील मुले निघण्यापूर्वी कागद घेऊन माझ्याकडे येतात. पुढे जे लिहितो आहे ते या अनुभवावरून लिहितो आहे.

अटी योग्य असतील तर अवश्य जावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. उद्यमबागेत सात वर्षे यंत्रांशी झटलेल्या माणसाला सोहारचे काम अवघड जात नाही. उन्हाळ्यातील दमट उकाडा पहिल्या वर्षी असह्य वाटतो, मग शरीर त्याच्याशी जुळवून घेते. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते साडेतीन बंद ठेवण्याचा नियम तिथे आहे आणि तो पाळला जातो की नाही याकडे कामगार खात्याचे लक्ष असते. त्यामुळे कामाविषयी मी फार लिहिणार नाही. सीमाभागातला माणूस परदेशात अडतो तो कामात नव्हे, कागदात, आणि त्याचे कारण आपल्या घरातच आहे, असे माझे पक्के मत झाले आहे.

घराची भाषा एक आणि सरकारी कागदाची भाषा दुसरी असू शकते, हे पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला परदेशी गेल्यावर प्रथम कळते. आपल्याला ते समजायला लागल्यापासून ठाऊक असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, त्यानंतर आपल्या भागात तीन पिढ्या अशा वाढल्या की घरात, देवळात आणि बाजारात मराठी, तर उताऱ्यावर, बसच्या पाटीवर आणि वीजबिलावर कन्नड. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याविषयी प्रत्येकाच्या मनात जे आहे ते असो. मला येथे सांगायचे आहे ते रोजच्या जगण्याविषयी. दोन भाषांच्या मधोमध राहण्याची ही सवय परदेशात फार मोठे भांडवल ठरते. भोवती न समजणारी लिपी असली तरी आपण बावचळत नाही आणि अनोळखी भाषेतील चार शब्द पकडून काम भागवणे आपल्याला जमते. सोहारमध्ये आलेली आपल्याकडची मुले पहिल्या महिन्यात इतरांपेक्षा लवकर रुळताना मी नेहमी पाहिली.

परंतु त्याच सवयीची दुसरी बाजूही सोबत येते. कागद आपल्या भाषेत नसला की तो आपण दुसऱ्याच्या हाती देतो. तलाठ्याच्या ओळखीचा कोणीतरी, तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, कन्नड शाळेत शिकलेला शेजारचा मुलगा वाचतो, आणि तो सांगेल तिथे आपण सही करतो. माझे वडीलही असेच करीत. आजोबा गेल्यावर वारसा नोंद, म्हणजे आपल्याकडे जिला पौती म्हणतात ती, करताना त्यांनी कन्नडमधील अर्जावर न वाचता सही केली. एका सर्व्हे नंबरातील आमचा हिस्सा त्यात कमी लागला आणि ते उघडकीस आले तब्बल एकवीस वर्षांनी, जेव्हा मी बांध घालायला मोजणी मागवली. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. लिहिणाऱ्याने ऐकून लिहिले, वडिलांनी न वाचता सही केली.

या गोष्टीला मी वडिलांना कधी दोष देऊ शकलो नाही, कारण तोपर्यंत मी स्वतः सोहारमध्ये तेच करून बसलो होतो. रुजू झाल्याच्या आठवड्यात माझ्यापुढे एक अरबी कागद ठेवण्यात आला. भारतात मी सही केलेला इंग्रजी करार माझ्याजवळ होता, म्हणून हा त्याचाच अनुवाद असेल असे मी गृहीत धरले. तीन वर्षांनी एका सोबत्याचा हिशेब पाहताना कळले की अरबी करारात माझे एकूण वेतन तेवढेच होते, पण मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवले होते. ओमानमध्ये कायद्याच्या दृष्टीने अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो आणि नोकरी सोडताना मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम मूळ वेतनावर मोजली जाते. नव्या कामगार कायद्याने २०२३ पासून ती दर वर्षाला एक महिन्याचे मूळ वेतन अशी ठरवली आहे. दहा वर्षांच्या नोकरीत मूळ वेतनातला हा फरक किती मोठा होतो, हे तुम्ही स्वतः गुणाकार करून पाहा. तुमच्या पत्रावर एकूण पगाराचा आकडा ठळक असेल. त्याखाली मूळ वेतन वेगळे लिहिले आहे का, ते आधी पाहा. लिहिलेले नसेल तर ते लिहून मागा आणि अरबी प्रतीतही तोच आकडा आहे याची खात्री झाल्याखेरीज सही करू नका.

"मला अरबी कोठून येणार?" असे तुम्ही म्हणाल. माझे उत्तर असे की तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ जास्त अरबी तुम्हाला आजच येते. आपल्या कचेरीच्या मराठीत शतकानुशतके मुरलेले किती शब्द त्या भाषेतून आले आहेत, ते मला सोहारच्या कागदांवरच उमगले. तारीख म्हणजे तिथेही तारीख. हिशेब म्हणजे हिसाब. आपली मुदत ती त्यांची मुद्दा, म्हणजे करारातील कालावधी. शर्त म्हणजे अट. वकील आपल्याला माहीत आहेच, आणि वकाला म्हणजे मुखत्यारपत्र. सगळ्यात आनंद मला झाला तो पगाराच्या शब्दाचा. अरबीत पगाराला रातिब म्हणतात, म्हणजे ठरलेले, नियमित मिळणारे. आणि आपल्या घरी रोज सकाळी दुधाचा जो रतीब येतो तो हाच शब्द. मूळ वेतनाला तिथे अल-रातिब अल-असासी म्हणतात. एवढे दोन शब्द लिपीत ओळखता आले असते तर माझी तीन वर्षे वाचली असती.

लिपी शिकायला दोन महिने पुरतात. अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहिली जातात, मात्र आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात. एक गोष्ट आपल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. अरबी पाचाचा आकडा आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता टिंब. नव्या माणसाची पावती वाचताना हमखास चूक होते ती येथेच. ज्याने बेळगावच्या बसवर कन्नड आकडे वाचायला शिकून घेतले आहेत, त्याला हे काही जड नाही. पहिल्या वर्षातच शिका, हा माझा आग्रह आहे. तिथल्या दुकानांत आणि कारखान्यांत हिंदी सहज चालते आणि त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून शिकण्याची निकडच उरत नाही. पंधरा-पंधरा वर्षे राहून एक ओळ न वाचता परत आलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता आपल्या बाजूचे कागद. सीमाभागातल्या घराची कागदपत्रे दोन राज्यांत, तीन भाषांत आणि चार स्पेलिंगांत विखुरलेली असतात, आणि नोकरीचे पत्र आल्यावर जी धावपळ होते ती यामुळेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर जिल्ह्याचे नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहे, नंतरच्यांवर नव्या. ही अडचण सुटते, कारण नावबदल राजपत्रात नोंदलेला आहे. माणसाच्या नावाची अडचण जास्त त्रासाची असते. आपण ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत 'डी' अक्षराने सुरू करतो. कन्नड उच्चाराप्रमाणे लिहिणारा कारकून तेच 'जे'ने सुरू करतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव शेवटी, तर दुसऱ्या कागदावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे आणि आडनाव गायब. अशा एका मुलाची नोकरी दोन महिने अडलेली मी पाहिली आहे, आणि तो मुलगा कामात आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होता. म्हणून आज संध्याकाळीच पासपोर्ट, आधार, डिप्लोमाचे प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि विवाहनोंदणीचा दाखला जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरील तुमचे, पत्नीचे व मुलीचे नाव अक्षर-अक्षर लावून पाहा. फरक असेल तर पासपोर्टप्रमाणे बाकीचे दुरुस्त करून घ्या. उलट दिशेने जाऊ नका, कारण तिथे तुमची ओळख पासपोर्टवरूनच ठरते.

प्रमाणीकरणाचा नियम असा आहे की ज्या राज्याने कागद दिला त्या राज्याच्या शासनाकडून तो आधी प्रमाणित होतो आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून. तुमचा डिप्लोमा कर्नाटकातला, म्हणून तो बेंगळुरूच्या मार्गाने जाईल. तुमचे लग्न चंदगड तालुक्यात होऊन तिथेच नोंदले गेले असेल, तर तो दाखला महाराष्ट्राचा आणि त्याचा मार्ग मुंबईचा. एकाच घरातील दोन कागद दोन दिशांना जातात, हे आधीच माहीत असले की एजंटाला दुप्पट पैसे मोजावे लागत नाहीत. भारत आणि ओमान हे दोन्ही देश अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे प्रमाणित कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे शेवटचा टप्पा पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. मात्र कोणता कागद कोणत्या स्वरूपात हवा हे तुमच्या मालकाकडून लेखी घ्या.

एजंटांबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. याहून जास्त मागणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. तुमचा डिप्लोमा झालेला असल्याने उत्प्रवासन तपासणीची, म्हणजे नोकरीसाठी परदेशी निघण्यापूर्वी सरकारी मंजुरी घेण्याची, अट तुम्हाला लागू नाही, पण दहावी न झालेला एखादा सोबती तुमच्याबरोबर जात असेल तर ती मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा या दोन्ही गोष्टी झाल्याखेरीज त्याने निघू नये. दोन वर्षांसाठी या विम्याचा हप्ता २७५ रुपये आहे. भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथे नोकरी पक्की करू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयरोगाचा व्रण दिसला तरी माणूस अपात्र ठरू शकतो, म्हणून राजीनामा देण्यापूर्वी ती तपासणी उरकून घ्या.

पासपोर्टविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो मालकाच्या तिजोरीत ठेवायचा नसतो. मी पहिल्या दिवशी तो विश्वासाने देऊन टाकला आणि पुढे परत मागितला नाही. २०१३ च्या जुलैमध्ये, रात्री साडेनऊ वाजता, घरून फोन आला की वडिलांना बेळगावच्या दवाखान्यात हलवले आहे. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे होती तो सुटीवर गेला होता. पासपोर्ट हाती यायला पुढच्या दिवसाची दुपार झाली. सोहार ते मस्कत हे सुमारे २०० किलोमीटरचे अंतर, मस्कतहून गोवा, आणि गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगाव. घाटात त्या रात्री पाऊस असा होता की गाडीचा दिवा चार हातांपलीकडे पोहोचत नव्हता. मी अंगणात उतरलो तेव्हा धाकटा भाऊ अग्नी देऊन परतला होता आणि न्हाणीघराबाहेर ओले धोतर वाळत होते. एवढ्या वर्षांत मी अनेकांचे करार तपासले, पण प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो की पासपोर्ट कोणाजवळ राहणार आहे. तुम्हीही तो स्वतःजवळ ठेवण्याचे लेखी ठरवून घ्या.

आई-वडिलांसाठी करावयाची तयारी याच्याशीच जोडलेली आहे. ते गावी राहणार आणि जमीनजुमल्याची कामे तुमच्या गैरहजेरीत निघणार. निघण्यापूर्वी सर्व सर्व्हे नंबरांचे ताजे उतारे काढा, ते कन्नड वाचता येणाऱ्या वकिलाकडून ओळीने वाचून घ्या आणि त्याचा मराठी तर्जुमा वहीत लिहून ठेवा. तुम्हाला स्वतःला कन्नड वाचता येत असेल तर उत्तमच. तुमच्या वयाच्या मुलांना ते शाळेत शिकावे लागले आहे आणि त्याचा येथे फार उपयोग होतो. भावाला किंवा काकांना मुखत्यारपत्र द्यायचे झाल्यास ते सरसकट देऊ नका, विशिष्ट कामापुरते द्या. तिथे गेल्यावर ते करायची वेळ आली तर मस्कतच्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवता येते, परंतु ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. ही मुदत चुकल्याने अडलेले व्यवहार मी पाहिले आहेत.

पैशांच्या बाबतीत आपल्या भागातील दोन सवयी मला काळजीत टाकतात. पहिली म्हणजे पहिला पगार हाती येताच जंगलाच्या कडेला दोन एकर जमीन घेण्याची. परदेशात नोकरीला गेल्यावर तुम्ही परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी ठरता, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, घर किंवा बिनशेती भूखंड घेता येतो. बंदी खरेदीवर आहे, आणि ती कर्नाटकाच्या जमीन कायद्यात झालेल्या सवलतींनी उठलेली नाही. जमीन घ्यायचीच असेल तर परत आल्यावर घ्या. दुसरी सवय म्हणजे ओळखीच्या पतसंस्थेत किंवा सौहार्द सोसायटीत, म्हणजे कर्नाटकातील तशाच सहकारी संस्थेत, जास्त व्याजासाठी सगळी शिल्लक ठेवण्याची. बँकेतील ठेवीला, त्यात सहकारी बँकही आली, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. माझ्या एका नातेवाइकाची कुवेतमधील नऊ वर्षांची कमाई अशा एका संस्थेत अडकली. ती संस्था चालवणारी माणसे ओळखीची होती आणि म्हणूनच त्याने कधी चौकशी केली नाही. तुमचे सध्याचे बचत खाते अनिवासी साध्या खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये बदलून घ्या आणि पगारातून पाठवायची रक्कम एनआरई, म्हणजे परदेशातील कमाई ठेवण्याच्या अनिवासी खात्यात पाठवा. त्या खात्याचे व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त असते आणि पैसे परत बाहेर नेण्यास अडचण नसते.

आता पत्नी आणि मुलगी. पहिले सहा महिने एकट्याने जा. घर, शाळा, दवाखाना पाहून मगच त्यांना बोलवा. परंतु वर्षानुवर्षे एकटे राहण्याचा बेत असेल तर मी तुम्हाला जाऊ नका असेच सांगेन. आपल्याकडची कित्येक घरे मी पाहिली जिथे बाप दोन वर्षांतून एकदा महिनाभर येतो, मुले त्याला परक्यासारखी बिचकतात आणि तो निघायच्या आठवड्यात कुठे त्यांना त्याची सवय होते. पगारात कुटुंब नेणे बसत नसेल तर तो पगार कमी आहे, असे समजावे.

कुटुंब नेल्यावर सर्वांत कठीण वाटा पत्नीच्या पदरी येतो. तुमच्याकडे काम आहे, सोबती आहेत, आठवड्याची शिस्त आहे. तिचा व्हिसा तुमच्या नावावर असतो आणि त्यावर तिला सरळ नोकरी करता येत नाही. चंदगड-खानापुरात मोकळेपणी सगळीकडे फिरणारी बाई एका सदनिकेत दिवसाचे दहा तास बंद होते. माझ्या पत्नीने पहिल्या वर्षी सोहारमध्ये जे सोसले ते तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले. तिने शेवटी गाडी चालवायला शिकून तिथला परवाना काढला आणि त्या दिवसापासून ती खऱ्या अर्थाने तिथे राहू लागली. म्हणून पत्नीच्या परवान्याचा खर्च घरभाड्याइतकाच आवश्यक समजा. मस्कतमध्ये मराठी मंडळी पुष्कळ आहेत, गणेशोत्सव आणि दिवाळी जोरात होते, मात्र सोहारहून दर शुक्रवारी तिथे जाणे होत नाही. शेजारी केरळची, आंध्रची, पाकिस्तानची, ओमानी अशी कुटुंबे असतील. माझ्या पत्नीची तिथली सर्वांत जवळची मैत्रीण धारवाडची होती आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत, ती कन्नड आणि ही मराठी, नि दोघींना सगळे समजे. हे बेळगावच्या बाजारात रोजच घडते, पण त्याचे मोल मला तिथे कळले.

मुलीच्या शिक्षणावरच तुमचा "किती वर्षे" हा प्रश्न अवलंबून आहे. ओमानमधील भारतीय शाळा सीबीएसईच्या आहेत आणि चांगल्या आहेत. तिथे मराठी शिकवली जाईलच असे नाही, कन्नडचेही तसेच. तुम्ही बेळगावला परतणार असाल तर लक्षात घ्या की २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक झाले आहे, आणि आठवीत परतलेल्या मुलाला ते एकदम झेपत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी कर्नाटकात सर्वसाधारणपणे राज्यात सात वर्षे शिक्षण झालेले असावे अशी अट आहे. आई-वडिलांचे शिक्षण राज्यात झाले असल्यास काही सवलत मिळते, पण त्यासाठी अकरावी-बारावी येथे करावी लागते. महाराष्ट्रात सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे. तुमचे गाव त्या यादीत आहे का आणि मुलीला कोणते दाखले लागतील, हे आताच पाहून ठेवा. या सगळ्याचा विचार करता माझा सल्ला असा की मुलगी पाचवीत जाण्यापूर्वी परता. तुमच्या हिशेबाने हा काळ सहा वर्षांचा होतो. सहा वर्षांत कर्ज फिटते, घर होते आणि थोडी शिल्लक राहते. ज्यांनी "आणखी दोन वर्षे" असे म्हटले ते बहुतेक जण आणखी दहा वर्षे राहिले आणि त्यांची मुले ना इथली, ना तिथली, अशा वयात परतली. माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतीत मी हीच चूक केली. तो नववीत परतला आणि त्याची दोन वर्षे केवळ रुळण्यात गेली. धाकटीला आम्ही तिसरीत आणले, तिला त्रास झाला नाही.

घरात मराठी बोलायची, हा आमचा नियम होता, पण तेवढ्याने भाषा टिकत नाही. नुसत्या घरात बोललेली भाषा जेवण-झोप-अभ्यास एवढ्या शब्दांतच फिरत राहते. आम्ही रोज संध्याकाळी आईला फोन लावत असू. ओमानचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे मुले शाळेतून येऊन जेवत तेव्हा गावी दिवेलागणीची तयारी सुरू होत असे. आजी गोठ्यातल्या म्हशीचे, रोप लावल्याचे, काजूला मोहोर आल्याचे, कोणाच्या घरी पाहुणे आल्याचे सांगे आणि मुले प्रश्न विचारीत. रोप, चिखलणी, मळणी, बुजगावणे हे शब्द माझ्या मुलांना सोहारमध्ये बसून आले ते असे. गावची महालक्ष्मी यात्रा असेल त्या वर्षी काहीही करून रजा काढा. आपल्याकडे ती बऱ्याच वर्षांनी एकदा भरते, प्रत्येक घर पाहुण्यांनी भरून जाते, आणि त्या आठवड्यात मुलीला जे नातेगोते समजेल ते फोनवरून दहा वर्षांत समजणार नाही.

२०२१ च्या जानेवारीपासून ओमानमध्ये कराराची मुदत संपल्यावर मालक बदलण्यासाठी जुन्या मालकाचा ना-हरकत दाखला लागत नाही. माझ्या काळी तो लागत असे आणि त्यापायी अनेक जण वाईट अटींवर अडकून पडत. तुम्हाला ही मोकळीक आहे, म्हणून पहिला करार दोन वर्षांचाच घ्या, लांब मुदतीच्या आमिषाला भुलू नका, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मूळ वेतनाविषयी पुन्हा बोला.

नोकरीच्या पत्रातील मूळ वेतनाचा आकडा, कुटुंबासाठी घर व विमानतिकीट मालक देणार आहे की नाही, आणि तुमच्या लग्नाची नोंद कोणत्या राज्यात झाली आहे, एवढे तीन तपशील कळवा. अरबी प्रत आली असल्यास सही करण्यापूर्वी मला दाखवा. आपण दोघे बसून ती ओळीने वाचू.